मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांवरचे संशोधन खान्देशात उभे करायचे तर

माझी आत्या अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यात आयुष्यभर राहिली. पंचाहत्तरी ओलांडल्यावर ती वस्तू ठेवून विसरू लागली, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारू लागली, तेव्हा घरातल्यांनी तिला शहरातल्या एका रुग्णालयात नेले. तिथे तिला प्रमाण मराठीत प्रश्न विचारण्यात आले: आज तारीख कोणती, महिना कोणता, शंभरातून सात वजा करत जा, या कागदावर एक वाक्य लिहा. तारीख तिला सांगता आली नाही. ती म्हणाली, "कानबाई व्हई गई, आते पोया शे." नागपंचमीनंतरच्या रविवारी बसणारी कानबाई आणि श्रावणी अमावास्येचा पोळा यांच्या मधल्या अडीच-तीन आठवड्यांत तिने तो दिवस अचूक बसवला होता, पण तपासणीच्या कागदावर त्या उत्तराला शून्य गुण मिळाले. शंभराला ती जन्मभर "पाच इसा" (पाच वेळा वीस) म्हणत आली होती आणि लेखणी तिने कधी हातात धरलेली नव्हती, त्यामुळे वजाबाकीचे गुणही गेले आणि वाक्याचेही. तिला स्मृतिभ्रंश असल्याचे लिहून देण्यात आले. पुढे दुसऱ्या एका डॉक्टरांनी रक्त तपासले, तेव्हा बी-12 जीवनसत्त्व फार कमी निघाले आणि ऐकूही बरेच कमी येत असल्याचे लक्षात आले. इंजेक्शने सुरू झाल्यावर काही महिन्यांत ती पुष्कळ सावरली.

विद्यापीठात मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांवर संशोधन कसे उभे राहते, हे समजावून सांगताना मी या प्रसंगापासून सुरुवात करतो, कारण अशा संशोधनाची सगळी गुंतागुंत त्यात आहे. आजार कोणता, तो मोजायचा कशाने, मोजणारा कोणत्या भाषेत बोलतो आणि मोजून झाल्यावर त्या माणसाला काय मिळते, या चार प्रश्नांची उत्तरे ज्या कार्यक्रमाकडे नाहीत, त्याने कितीही महागडी यंत्रे आणली तरी त्याच्या निष्कर्षांवर विश्वास ठेवता येत नाही.

आजार म्हणजे नेमके काय

मेंदूतल्या चेतापेशी हळूहळू, वर्षानुवर्षे, परत न येण्याजोग्या रीतीने मरत जातात, अशा आजारांचा हा गट आहे. अल्झायमर, पार्किन्सन म्हणजे आपण ज्याला कंपवात म्हणतो तो, हंटिंग्टन, स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी नष्ट करणारा ए.एल.एस. हे त्यातले प्रमुख. पक्षाघातात रक्तपुरवठा अचानक बंद पडून पेशी काही मिनिटांत मरू लागतात; इथे मात्र नुकसान इतके सावकाश होते की घरच्यांना "कधी सुरू झाले" हे सांगता येत नाही. जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरांनी 1817 मध्ये कंपवाताचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि अलॉइस अल्झायमर यांनी 1906 मध्ये आपल्या एका रुग्ण स्त्रीच्या मेंदूत सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेले थर आणि गुंतवळे ट्यूबिंगेन इथल्या सभेत मांडले. ते थर बीटा-अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे आणि ते गुंतवळे टाउ नावाच्या प्रथिनाचे, हे कळायला आणखी सत्तर-ऐंशी वर्षे गेली.

या सगळ्या आजारांत एक साम्य आहे. प्रथिन ही एक लांब साखळी असते आणि ती विशिष्ट घडीत दुमडली तरच तिचे काम चालते. घडी चुकली की अशी प्रथिने एकमेकांना चिकटतात, त्यांच्या गाठी होतात आणि पेशीची सफाई करणारी व्यवस्था त्यांना पुरी पडत नाही. अल्झायमरमध्ये अमायलॉइड आणि टाउ, पार्किन्सनमध्ये अल्फा-सिन्युक्लिन, हंटिंग्टनमध्ये हंटिंग्टिन, अशी प्रथिने वेगवेगळी असली तरी बिघाडाची जात एकच आहे. कोणत्या भागातल्या पेशी आधी मरतात यावर लक्षणे ठरतात. स्मरणाशी संबंधित हिप्पोकॅम्पस आधी सापडला तर विसरणे सुरू होते. मेंदूच्या बुंध्यातल्या, डोपामिन हे संदेशवाहक रसायन तयार करणाऱ्या पेशी सापडल्या तर हात कापू लागतो आणि पावले आखडतात.

संशोधनाच्या दृष्टीने यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की अल्झायमरमधील प्रथिनांचे साठणे लक्षणे दिसण्याच्या सुमारे पंधरा ते वीस वर्षे आधी सुरू होते. कंपवातातही हाताचा कंप दिसेपर्यंत बऱ्याच पेशी गेलेल्या असतात, आणि वास न येणे, बद्धकोष्ठ, झोपेत हातपाय झाडणे या तक्रारी त्याच्या कितीतरी आधीपासून असू शकतात. म्हणजे रुग्णालयात आलेल्या माणसाला तपासणारा संशोधक नाटकाचा शेवटचा अंक पाहत असतो. पहिला अंक पाहायचा असेल तर आज धडधाकट असलेल्या माणसांकडे जावे लागते आणि त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा, वर्षानुवर्षे जात राहावे लागते. पुढची सारी मांडणी याच एका गरजेतून निघते.

खान्देशात आज काय आहे

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांसाठी 1990 मध्ये स्थापन झालेले विद्यापीठ जळगावला आहे. तिथे जीवशास्त्र, रसायनशास्त्र, संगणकशास्त्र यांचे विभाग आहेत, आणि शिरपूरसारख्या ठिकाणी औषधनिर्माणशास्त्राची महाविद्यालये आहेत. तिन्ही जिल्ह्यांच्या ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. मात्र ही वैद्यकीय महाविद्यालये नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. प्रयोगशाळा एका विद्यापीठाकडे आणि रुग्ण दुसऱ्या विद्यापीठाच्या छत्राखाली, अशी ही विभागणी आहे. म्हणून कार्यक्रमाचा पहिला कागद हा यंत्राच्या खरेदीचा न राहता दोन विद्यापीठांमधल्या कराराचा असावा लागतो: रुग्णाची माहिती कोणाकडे राहील, रक्ताचा नमुना कोणाच्या मालकीचा, नीतिविषयक समितीची परवानगी कोण घेईल, शोधनिबंधावर नावे कशी येतील. हे आधी ठरले नाही तर काही वर्षांनी भांडणे होतात आणि नमुने शीतकपाटात तसेच पडून राहतात.

या विद्यापीठाला 2018 मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. असोद्याची ही शेतकरी बाई शेतात आणि घरात काम करताना लेवा गणबोलीत ओव्या रचत असे आणि त्या दुसऱ्यांनी उतरवून घेतल्या, म्हणून आपल्यापर्यंत पोहोचल्या. जगभर वापरली जाणारी, 1975 मध्ये अमेरिकेत तयार झालेली तीस गुणांची स्मृतिचाचणी त्यांच्यापुढे ठेवली असती, तर लिहिण्याचे आणि वाचण्याचे गुण त्यांचे निश्चित गेले असते. ज्या विद्यापीठावर हे नाव आहे, त्याने निरक्षर माणसाची स्मरणशक्ती नीट मोजण्याचे साधन तयार करणे हेच आपले पहिले शास्त्रीय काम मानावे, असे मला मनापासून वाटते. हे काम दुय्यमही नाही. जगाच्या दृष्टीने खान्देशातून येऊ शकणारी ती सर्वांत मोलाची भर असेल.

मोजपट्टी

आपल्या देशात याची पायवाट पडलेली आहे. हरियाणातल्या बल्लभगढ परिसरातील खेड्यांमध्ये 1990 च्या दशकात भारतीय आणि अमेरिकी संशोधकांनी मिळून स्मृतिभ्रंशाचा अभ्यास केला. तिथल्या बहुसंख्य वृद्धांना अक्षरओळख नव्हती. म्हणून त्यांनी मूळ चाचणी नुसती भाषांतरित केली नाही, तर तिचे प्रश्न बदलले. लेखी सूचना वाचून डोळे मिटण्याऐवजी समोरच्याने डोळे मिटले की तसेच करून दाखवायचे. वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराबद्दल काहीतरी सांगायचे. आठवड्याचे वार उलट्या क्रमाने म्हणायचे. शब्द बदलले तरी मेंदूचे जे काम तपासायचे ते तेच राहिले पाहिजे, हे त्यामागचे तत्त्व होते. ही हिंदी चाचणी 1995 मध्ये प्रसिद्ध झाली आणि आजही ती वापरात आहे.

खान्देशात हे काम एका भाषेत भागणार नाही. धुळ्याच्या आणि अमळनेरच्या बाजूला अहिराणी, यावल-रावेरकडे लेवा गणबोली, नंदुरबारच्या डोंगरात भिली, पावरी आणि मावची, गुजर वस्त्यांत गुजरी. भाषांतर करणाऱ्याने मराठीतून पावरीत आणलेला प्रश्न दुसऱ्या कोणीतरी, मूळ न पाहता, पुन्हा मराठीत आणायचा आणि दोन्ही ताडून पाहायचे, ही रूढ पद्धत आहेच. पण तेवढ्याने काम होत नाही. काळाची ओळख तपासताना आखाजी, कानबाई, पोळा, सारंगखेड्याची यात्रा किंवा सातपुड्यातली होळी यांच्या संदर्भाने विचारलेला प्रश्न तारखेइतकाच नेमका असू शकतो. वासाच्या चाचण्यांचेही तसेच आहे. पेनसिल्व्हानिया विद्यापीठात तयार झालेल्या प्रसिद्ध चाचणीत चाळीस वास आहेत, आणि त्यांतले काही आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसाने कधीच घेतलेले नसतात. न ओळखता येणे आणि नाकाची शक्ती जाणे यांत फरक करायचा तर लसूण, हिंग, मेथी, रॉकेल, ओली माती असे इथल्या आयुष्यातले वास घेऊन चाचणी नव्याने बांधावी लागेल.

दैनंदिन कामांची चौकशी हा तर चाचणीचा अर्धा भाग असतो, कारण केवळ विसरण्यावरून स्मृतिभ्रंश ठरत नाही. विसरण्यामुळे रोजचा व्यवहार कोलमडला आहे का, हे पाहावे लागते. "बँकेचे व्यवहार स्वतः करता का" हा प्रश्न ज्या बाईने कधी बँकेची पायरी चढली नाही तिला विचारून काय कळणार? तिच्या सुनेला विचारावे की सासूबाईंना खापरावरचे मांडे अजून जमतात का. पुरणाचा गोळा किती घ्यायचा, मांडा हातावर कितपत वाढवायचा, खापर किती तापले म्हणजे टाकायचा, कधी काढायचा, या पायऱ्यांच्या क्रमात ती अडखळू लागली असेल तर ते मेंदूच्या नियोजनशक्तीचे उत्तम मोजमाप आहे. पुरुषांना विहिरीच्या मोटारीसाठी कोणत्या आठवड्यात रात्रीची लाईट आणि कोणत्या आठवड्यात दिवसाची, हे लक्षात राहते का ते विचारावे.

अशी चाचणी तयार झाली की ती खरोखर काम करते का, हे तपासावे लागते, आणि इथे थोडे गणित समजून घेतले पाहिजे. देशव्यापी अभ्यासातून 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार साठ वर्षांवरील भारतीयांपैकी सुमारे 7.4 टक्के लोकांना, म्हणजे जवळपास 88 लाख जणांना, स्मृतिभ्रंश आहे. हे प्रमाण इथेही लागू धरले तर एक हजार वृद्धांत 74 जण आजारी असतील. आता समजा आपली चाचणी शंभर आजाऱ्यांपैकी नव्वद जणांना पकडते आणि शंभर निरोग्यांपैकी फक्त पंधरा जणांना चुकून आजारी ठरवते. ऐकायला हे चांगले वाटते. पण 74 पैकी 67 जण पकडले जातील आणि उरलेल्या 926 निरोग्यांपैकी 139 जण चुकून अडकतील. म्हणजे चाचणीने बोट दाखवलेल्या 206 माणसांपैकी खरे आजारी केवळ एक तृतीयांश. म्हणून चाचणीवर कधीही निदान करायचे नसते. ती फक्त पुढच्या तपासणीसाठी माणसे निवडते. निदान न्यूरॉलॉजिस्टने किंवा मनोविकारतज्ज्ञाने, चाचणीचे गुण न पाहता, स्वतंत्रपणे करायचे असते. माझ्या आत्याच्या बाबतीत नेमकी हीच पायरी वगळली गेली होती.

पुढची पायरी म्हणजे विसरण्याची बरी होणारी कारणे आधी वेगळी काढणे. बी-12 ची कमतरता, थायरॉइडचा मंदपणा, नैराश्य, डोक्याला मार लागून कवटीखाली हळूहळू साचलेले रक्त, झोपेच्या गोळ्या, कमी ऐकू येणे. खान्देशात अनेक घरांत पिढ्यान्‌पिढ्या शाकाहार आहे आणि बी-12 प्रामुख्याने प्राणिज पदार्थांतून मिळते, म्हणून ही तपासणी प्रत्येकाची व्हायलाच हवी. "साठी बुद्धी नाठी" असे म्हणून आपण जे सोडून देतो, त्यातले काही एका स्वस्त इंजेक्शनाने सुधारण्यासारखे असते.

माणसांचा समूह आणि त्यांच्याशी नाते

शास्त्रज्ञ ज्याला कोहॉर्ट म्हणतात, तो म्हणजे ठरावीक माणसांचा असा समूह की ज्यांना ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा भेटून तपासले जाते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारातील मेंदू संशोधन केंद्र कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपूर तालुक्यात 45 वर्षांवरील दहा हजार ग्रामस्थांचा असा समूह बांधत आहे. इतका मोठा आकडा कशासाठी, हे वरच्याच गणितातून समजते. साठीपुढच्या तीन हजार माणसांत स्मृतिभ्रंशाचे सुमारे 220 जण मिळतील, पण पार्किन्सनचे प्रमाण या वयात साधारण एक टक्का धरले जाते, म्हणजे फक्त तीस. तीस रुग्णांवरून कारणांबद्दल काहीही ठामपणे सांगता येत नाही. म्हणून खान्देशाने आपला समूह पहिल्या दिवसापासून इतरांच्या समूहांशी जोडता येईल असा बांधावा. माहिती नोंदवण्याची पद्धत, रक्त साठवण्याची पद्धत त्यांच्यासारखीच ठेवावी. एकट्याने सर्व काही करण्याचा अभिमान इथे उपयोगाचा नाही.

माणसांच्या समूहातून किती अनपेक्षित गोष्टी कळतात, याची दोन उदाहरणे देतो. अमेरिकेत 678 ख्रिस्ती जोगिणींचा दीर्घ अभ्यास झाला. त्यांनी तरुणपणी लिहिलेली आत्मवृत्ते मठात जपलेली होती, आणि ज्यांच्या लेखनात विचारांची दाटी अधिक होती त्यांना म्हातारपणी स्मृतिभ्रंश कमी झाल्याचे दिसले. काहींच्या मेंदूत मृत्यूनंतर अल्झायमरच्या खुणा भरपूर सापडल्या, तरी जिवंतपणी त्यांची बुद्धी शाबूत होती. दुसरे उदाहरण व्हेनेझुएलातल्या माराकाइबो सरोवराकाठच्या गावांचे. तिथे हंटिंग्टन आजार असलेली मोठी कुटुंबे होती. नॅन्सी वेक्सलर आणि त्यांचे सहकारी तिथे वर्षानुवर्षे गेले, वंशावळी मांडल्या, रक्ताचे नमुने घेतले, आणि त्यातून 1983 मध्ये त्या जनुकाची गुणसूत्रावरची जागा व 1993 मध्ये ते जनुकच सापडले. प्रयोगशाळा बॉस्टनला होती, पण शोधाचे मूळ त्या गरीब कोळीवस्त्यांत होते.

ते शोध लागले, पण त्या वस्त्यांना काय मिळाले, हा प्रश्नही जगभर विचारला गेला आहे आणि तो आपणही विचारलाच पाहिजे. "रक्त काढीसन लई गयात, मंग कोनीच उनं नही," ही तक्रार मी स्वतः ऐकलेली आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सहभागी व्यक्तीला तिच्या भाषेत सर्व समजावून संमती घ्यावी लागते. ती निरक्षर असेल तर तटस्थ साक्षीदार लागतो. आणि स्मृतिभ्रंशामुळे तिला स्वतः निर्णय घेता येत नसेल तर कायद्याने अधिकृत प्रतिनिधीची संमती घेऊनही तिची स्वतःची तयारी आहे की नाही हे पाहावे लागते. अंगठा उमटला म्हणजे संमती झाली असे नाही. म्हातारीने हात मागे ओढला तर मुलाची सही असली तरी सुई टोचायची नाही, हे क्षेत्रावर जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या मनावर ठसले पाहिजे.

देण्यासारखे मात्र पुष्कळ आहे. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने 2024 मध्ये स्मृतिभ्रंशाची बदलता येण्याजोगी चौदा कारणे मांडली आणि त्यांवर उपाय झाला तर जगातले सुमारे 45 टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा पुढे ढकलता येतील असा अंदाज दिला. त्यात कमी शिक्षण, ऐकू कमी येणे, उपचार न केलेली दृष्टिहानी, रक्तदाब, मधुमेह, एकटेपणा आहे. म्हणजे प्रत्येक भेटीत रक्तदाब, साखर, कान आणि डोळे तपासले, निकाल घरी नेऊन दिला आणि पुढच्या उपचाराला चिठ्ठी दिली, तर संशोधक रिकाम्या हाताने गेला असे होत नाही. आशाताईंना यात सुरुवातीपासून सामील करून घ्यावे आणि त्यांच्या कामाचे पैसे वेळेवर द्यावेत.

फवारा, चिलटे आणि खाजकुइली

खान्देशाला स्वतःचा असा प्रश्न विचारायचा असेल तर तो शेतीतल्या रसायनांचा. 1982 मध्ये कॅलिफोर्नियात काही तरुण अचानक कंपवाताच्या शेवटच्या अवस्थेतल्या रुग्णांसारखे ताठ झाले. त्यांनी टोचून घेतलेल्या चोरट्या अमली पदार्थात एम.पी.टी.पी. नावाचे रसायन चुकून तयार झाले होते. शरीरात त्याचे जे रूपांतर होते ते डोपामिनच्या पेशींतील ऊर्जाकेंद्रे बंद पाडते, आणि त्या रूपांतरित रेणूची रचना पॅराक्वाट या तणनाशकाशी मिळतीजुळती आहे. तेव्हापासून पॅराक्वाट आणि पार्किन्सन यांचा संबंध अनेक देशांत तपासला गेला. अनेक अभ्यासांत संबंध दिसला, तरी कारण म्हणून तो निर्विवाद सिद्ध झालेला नाही. युरोपीय संघात हे तणनाशक 2007 पासून बंद आहे, भारतात ते विकले जाते. कापूस आणि केळी यांच्या पट्ट्यात आयुष्यभर पाठीवर पंप घेऊन फवारणी केलेली माणसे आपल्याकडे आहेत, आणि त्यांचा दीर्घ अभ्यास करायला यापेक्षा योग्य जागा कोणती?

अडचण अशी की फवारणाऱ्या मजुराला औषधाचे नाव ठाऊक नसते. शिवाय आजारी माणूस कारण शोधत असतो, म्हणून त्याला फवारणी जास्त आठवते आणि निरोगी माणसाला कमी. यामुळे खोटाच संबंध दिसू शकतो. यावर उपाय म्हणजे आजार होण्याआधीच निरोगी माणसांकडून वर्षवार, पीकवार नोंद घेणे, कृषी सेवा केंद्राच्या पावत्या मिळतील तेवढ्या पाहणे, आणि विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाने गावच्या विहिरींच्या पाण्यात अवशेष मोजणे. समाजशास्त्र, शेती, रसायन आणि वैद्यक यांना एका टेबलाशी आणणारे हे काम विद्यापीठच करू शकते.

प्रयोगशाळेतल्या कामासाठी मोठी गुंतवणूक लागतेच असे नाही. पिकलेल्या केळीच्या घडाभोवती घोंघावणारी बारीक चिलटे, म्हणजे ड्रोसोफिला, ही मेंदूच्या संशोधनातली जुनी सोबती आहे. फळांत अळ्या पाडणारी शेतकऱ्याची शत्रू असलेली फळमाशी वेगळी. ड्रोसोफिलाची नवी पिढी सुमारे दहा दिवसांत तयार होते. मानवी अल्फा-सिन्युक्लिन तयार करणाऱ्या माश्यांमध्ये वयाबरोबर डोपामिनच्या पेशी कमी होतात आणि नळीत वर चढण्याची त्यांची ताकद घटते, हे 2000 मध्ये दाखवले गेले. विहिरीच्या पाण्यात सापडलेले रसायन अशा माश्यांवर तपासणे पदव्युत्तर विद्यार्थ्यालाही जमते.

इथे माझे एक स्पष्ट मत आहे. एखाद्या पाल्याचा अर्क काढायचा, उंदराला रसायन देऊन त्याचे स्मरण बिघडवायचे, अर्क दिल्यावर ते थोडे सुधारले की निबंध छापायचा, अशा पद्धतीचे संशोधन देशभर मोठ्या संख्येने होते आणि त्यातून औषध क्वचितच पुढे जाते. वनस्पतींना माझा विरोध नाही. सातपुड्यात उगवणाऱ्या खाजकुइलीच्या बियांतून 1937 मध्ये दामोदरन आणि रामस्वामी यांनी लेव्होडोपा (मेंदूत ज्याचे डोपामिन होते ते द्रव्य) वेगळे केले होते, आणि तेच द्रव्य 1960 च्या दशकात पार्किन्सनचे मुख्य औषध ठरले. पण ते ठरले, कारण मधल्या काळात आर्विड कार्लसन यांनी डोपामिनचे मेंदूतले काम उलगडले होते. आजाराची यंत्रणा समजल्याशिवाय बी हातात असूनही औषध हाती येत नाही.

रक्ताच्या तपासण्यांनी गेल्या काही वर्षांत मोठी उडी घेतली आहे. टाउ प्रथिनाचा पी-टाउ-217 हा प्रकार रक्तातून मोजून अल्झायमरचा अंदाज घेणाऱ्या तपासणीला अमेरिकेत 2025 मध्ये मान्यता मिळाली. पूर्वी यासाठी पाठीच्या कण्यातले पाणी काढावे लागे किंवा फार खर्चिक स्कॅन करावा लागे. खेड्यातल्या अभ्यासासाठी हे वरदान आहे, पण त्यासाठी रक्तातला द्रव काही तासांत वेगळा करून उणे 80 अंशांवर ठेवावा लागतो. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा 45 अंशांच्या आसपास असतो आणि वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो. म्हणून नमुना दोन भागांत विभागून दोन वेगळ्या गावांतल्या शीतकपाटांत ठेवणे, प्रत्येकाला स्वतंत्र जनरेटर, तापमान वाढले की रात्री कोणाच्या तरी फोनवर सूचना, आणि तालुक्याच्या ठिकाणी रक्त वेगळे करणारे छोटे यंत्र, हा खर्च अर्जात सर्वांत आधी लिहावा. मंजुरी देणाऱ्यांना तो नीरस वाटला तरी चालेल.

माणसांचा खर्च त्याहून अवघड आहे. संशोधनाचा निधी बहुधा तीन वर्षांचा मिळतो आणि हा आजार वीस वर्षे घेतो. प्रकल्प संपला की कंत्राटी क्षेत्रसेवक जातो, आणि कोणत्या पाड्यावर कोणाच्या घरी काय झाले होते हे त्याच्याबरोबर जाते. यासाठी विद्यापीठाने स्वतःच्या अंदाजपत्रकात किमान काही कायम पदे ठेवली पाहिजेत: एक संख्याशास्त्रज्ञ, एक माहिती सांभाळणारा, आणि अहिराणी, भिली, पावरी बोलणारे चार-पाच क्षेत्रसेवक. धडगाव-अक्कलकुव्याच्या मुलामुलींना पीएच.डी.साठी याच कामातून शिष्यवृत्ती मिळाली तर हे नाते टिकेल.

भेटींचे वेळापत्रकही शैक्षणिक वर्षावर ठरवून चालणार नाही. दिवाळीनंतर नंदुरबारच्या डोंगरातली अनेक कुटुंबे गुजरातेत आणि ऊसतोडीला जातात. घरी म्हातारी माणसे आणि लहान मुले उरतात, आणि रोजच्या व्यवहाराची माहिती देणारे मुलगा-सून कोणीच नसतात. सपाटीवर त्याच महिन्यांत कापूस वेचणी चालू असते. होळीला मात्र डोंगरातली माणसे परत येतात आणि सपाटीवरची वेचणी संपलेली असते. म्हणून पहिली फेरी होळीच्या आधीच्या आठवड्यात सपाटीवर आणि होळी होऊन दोन-तीन दिवसांनी सातपुड्यात न्यावी, उन्हाचा तडाखा सुरू होण्याआधी नमुने जळगावला पोहोचवावेत, आणि निकाल घेऊन दुसरी फेरी पावसाळा संपता संपता, माणसे पुन्हा बाहेरगावी निघण्याच्या आत करावी.